एका तासात तारपाही आणि ‘तांबडी चामडी’ही!

आधी एक छोटीशी टेस्ट घेऊया. मोबाइल हातात आहेच, तर गाण्यांचं जे अ‍ॅप वापरता ते उघडा आणि तुम्ही ऐकलेली शेवटची वीस गाणी बघा. त्यातलं एखादं तरी गाणं तुम्हाला कुणा माणसानं सुचवलं होतं का? वर्गातल्या मैत्रिणीनं, मोठ्या दादानं, नाहीतर डहाणू लोकलमध्ये शेजारी बसलेल्या कुणी? बहुतेक गाणी अ‍ॅपनंच पुढे सरकवलेली असतील. काल हे ऐकलंत ना, मग आज हे घ्या.

आता दुसरा प्रश्न. त्या वीस गाण्यांत आपल्या डहाणू-तलासरीतलं एक तरी आहे? वारलीतलं, मांगेलीतलं, धोडियातलं? लग्नात धवलेरी रात्रभर म्हणते त्यातलं? दिवाळीच्या आगेमागे पाड्यावर तारपा घुमतो, त्याची एखादी चाल?

नाही ना? मग पुढचं वाचाच.

माझं म्हणणं अगदी सरळ आहे. आपल्या दोन्ही तालुक्यांतल्या कॉलेजांत रेडिओ हवा, मुलामुलींनी स्वतः चालवलेला. त्याला नियम एकच असावा. प्रत्येक तासात एक जुनं आवडतं गाणं, एक नवीन रिलीज आणि एक आपल्या गावातलं गाणं वाजलंच पाहिजे. आणि प्रत्येक गाण्याआधी ते कुणी गायलं, कुणी वाजवलं, हे तुमच्याच कॉलेजातल्या कुणीतरी सांगायचं.

‘रेडिओ? २१ व्या शतकात?’ असं तुमच्या मनात आलं असेल. त्यावर बोलूच. आधी थोडं मागे जाऊ.

जुनं गाणंही कधीतरी नवीनच होतं

‘ओल्ड इज गोल्ड’वाले आणि ‘नवीन काय आलंय?’वाले असे दोन गट प्रत्येक कॉलेजात असतात. दोघंही एक गोष्ट विसरतात. आज ज्याला आपण क्लासिक म्हणतो ते एके दिवशी ताजं ताजं रिलीज होतं, आणि कितीतरी वेळा ते रिलीज रेडिओनंच केलेलं होतं.

‘गीतरामायण’ घ्या. तुमच्या आजीआजोबांना त्यातली गाणी पाठ असतील. आकाशवाणीचं पुणे केंद्र १९५३ मध्ये सुरू झालं आणि १ एप्रिल १९५५ ला, रामनवमीच्या दिवशी, तिथून या मालिकेतलं पहिलं गाणं वाजलं. ग. दि. माडगूळकर लिहायचे, सुधीर फडके चाल लावायचे आणि दर आठवड्याला एक नवं गाणं लोकांपुढे यायचं. अशी ५६ गाणी झाली. गंमत म्हणजे १ एप्रिल १९५५ हा शुक्रवार होता. आज जगभर नवी गाणी शुक्रवारी रिलीज करायची पद्धत पडलीय. पुण्याच्या रेडिओनं ती साठ वर्षं आधीच करून दाखवली होती म्हणा ना! लोक आठवडाभर पुढच्या गाण्याची वाट बघत. आपण वेबसिरीजच्या पुढच्या एपिसोडची बघतो तशीच.

तुमच्या आईबाबांना ‘आपली आवड’बद्दल विचारा. आकाशवाणीवरचा हा फर्माइशीचा कार्यक्रम. लोक पोस्टकार्डावर गाण्याचं नाव, स्वतःचं नाव आणि गाव लिहून पाठवत. गाणं लागायच्या आधी निवेदक ती नावं वाचून दाखवायचे. गाणं तर लाखो लोक ऐकायचे, पण आपल्या गावाचं नाव रेडिओवर आलं याचं अप्रूप वेगळंच असायचं. अ‍ॅपमध्ये सगळं मिळतं, पण ‘हे गाणं उधव्याच्या अमक्या ताईंसाठी’ असं म्हणणारं तिथे कुणी नसतं.

कॉलेजचा रेडिओ काय करू शकतो, याचं एक लांबचं उदाहरण देते. अमेरिकेत सिअ‍ॅटल शहरात वॉशिंग्टन विद्यापीठाच्या विद्यार्थ्यांनी १९७२ मध्ये एक छोटं स्टेशन सुरू केलं. १९८० च्या दशकात तिथे ब्रूस पॅव्हिट आणि जोनाथन पोनमन हे दोघं गाण्यांचे कार्यक्रम करायचे. मोठ्या कंपन्यांनी ढुंकूनही बघितलं नसतं अशा गावातल्या बँडची गाणी ते वाजवत. पुढे या दोघांनी ‘सब पॉप’ नावाची रेकॉर्ड कंपनी चालवली आणि ‘निर्वाणा’चा पहिला अल्बम याच कंपनीनं १९८९ मध्ये काढला. ‘साउंडगार्डन’चा गिटारिस्ट किम थायिल, ज्याचे आईवडील केरळमधून तिकडे गेलेले, तोही त्याच स्टेशनवर डीजे होता. म्हणजे शेजारच्या पोरांचं गाणं आधी शेजारच्याच पोरांनी वाजवलं आणि मग ते जगानं ऐकलं. हा क्रम लक्षात ठेवा, आपल्याला तोच हवा आहे.

आपल्याकडे काय झालं?

भारतात रेडिओ खूप वर्षं फक्त सरकारचा होता. ९ फेब्रुवारी १९९५ ला सुप्रीम कोर्टानं एक मोठा निकाल दिला. ज्या लहरींवरून प्रक्षेपण होतं त्या सार्वजनिक मालमत्ता आहेत, त्यावर कुणा एकाची मक्तेदारी चालणार नाही, असं त्यात स्पष्ट म्हटलं होतं. त्या खंडपीठात न्यायमूर्ती पी. बी. सावंत होते, आपले मराठी. मग २००२ च्या शेवटी केंद्र सरकारनं शिक्षणसंस्थांना स्वतःचं रेडिओ केंद्र चालवायची मुभा दिली. २००४ मध्ये चेन्नईच्या अण्णा विद्यापीठात देशातला पहिला कॅम्पस रेडिओ सुरू झाला. २००६ मध्ये स्वयंसेवी संस्थांसाठीही दार उघडलं. आज देशभरात अशी सुमारे ५०० सामुदायिक रेडिओ केंद्रं आहेत.

महाराष्ट्रातली काही नावं तुम्ही ऐकली असतील. पुणे विद्यापीठाची ‘विद्यावाणी’ १०७.४ एफएमवर लागते. मुंबई विद्यापीठाचा ‘रेडिओ मस्ट’ १०७.८ वर. साताऱ्यातल्या म्हसवडसारख्या दुष्काळी भागातल्या छोट्या गावात २००८ पासून ‘माणदेशी तरंग’ ९०.४ वर चालू आहे आणि तिथल्या बायका माइकवर हक्कानं बोलतात, गातात.

आता यातली मेख बघा. सामुदायिक रेडिओला जास्तीत जास्त १०० वॉटच्या आसपास ताकद मिळते आणि मनोरा साधारण ३० मीटरपर्यंत उंच. त्यातून आवाज दहा-बारा किलोमीटर पोचतो, डोंगर आडवा आला तर त्याहून कमी. आपली कॉलेजं मुंबई विद्यापीठाचीच, पण कालिना कॅम्पस आपल्यापासून शंभराहून जास्त किलोमीटर लांब. १०७.८ ची लहर विरार गाठायच्या आधीच दमते, तलासरीची तर बातच सोडा. विद्यापीठाचा रेडिओ आहे म्हणून आपलं काम झालं, असं होत नाही. दहा-बारा किलोमीटरचा रेडिओ हा ज्याचा त्यानंच उभारायचा असतो.

मला हे छोटेपण आवडतं. डहाणू गावातून दहा-बारा किलोमीटरचं वर्तुळ काढलं तर त्यात किनाऱ्यावरची कोळीवाडी येते, चिकूच्या वाड्या येतात, आशागडकडचे पाडे येतात. तलासरीतून काढलं तर उधवा, झरी आणि हायवेच्या पलीकडचा गुजरातही येईल. एवढ्या जागेत वारली, मांगेली, कातकरी, धोडिया, गुजराती, मराठी, हिंदी असं सगळं कानावर पडतं. मुंबईतल्या एखाद्या बड्या एफएम स्टेशनला हे वर्तुळ दिसणारही नाही. आपल्याला मात्र त्यातल्या प्रत्येक नाक्यावरचा चहावाला माहीत असतो.

शिवाय सरकारच्या नियमातच लिहिलंय की सामुदायिक रेडिओवरचा किमान निम्मा मजकूर स्थानिक लोकांच्या सहभागातून तयार व्हायला हवा आणि शक्यतो स्थानिक भाषेत, बोलीत असावा. बाकी सगळीकडे बोलीत बोललं की ‘नीट बोल’ असं ऐकावं लागतं. इथे बोलीत बोलणं हाच नियम!

पाहुण्यांच्या स्वागतापुरता तारपा

आता थोडं टोचेल असं बोलते.

कॉलेजचं गॅदरिंग आठवा. प्रमुख पाहुण्यांची गाडी गेटवर येते, तारपावाले काका पुढे, मागे पारंपरिक वेशातल्या मुली. पाहुणे हसतात, फोटो काढतात, दोन पावलं नाचतात. स्टेजवर पोचले की तारपा बंद. काकांना चहा. त्यांचं नाव सूत्रसंचालकाच्या कागदावर नसतंच. मग भाषणं, आणि भाषणं संपली की डीजे. ९ ऑगस्टला आदिवासी दिनाच्या मिरवणुकीतही तारपा असतो, पण पुढच्या टेम्पोवरच्या स्पीकरांच्या भिंतीपुढे त्याचा आवाज टिकत नाही.

आपण तारप्याचा मान ठेवतो असं आपल्याला वाटतं. खरं तर आपण त्याला तोरणासारखं वापरतो. दाराला लावायचं आणि कार्यक्रम संपला की काढून ठेवायचं.

तारपा म्हणजे नेमकं काय, हे आपल्यातल्या किती जणांना सांगता येईल? वाळलेला भोपळा, बांबूच्या नळ्या, ताडाच्या पानांचा लांब कर्णा आणि जोडायला मेण. वाजवणारा श्वास तुटू देत नाही. नाकानं हवा घेत घेत तोंडानं फुंकत राहतो. नाचणारे त्याच्याभोवती गोल फिरतात आणि चाल बदलली की पावलं बदलतात. नाचणाऱ्यांना वाजवणाऱ्याकडे कान ठेवावाच लागतो. ज्या वारली चित्रातला गोल नाच आज टीशर्टवर, रेल्वे स्टेशनच्या भिंतींवर, कॉफीच्या मगवर दिसतो, त्या चित्राच्या मधोमध तारपा वाजवणारा उभा असतो. आपल्या गंजाडच्या जिव्या सोमा मशे यांनी हे चित्र जगभर नेलं, त्यांना २०११ मध्ये पद्मश्री मिळाली. जव्हारजवळच्या वाळवंड्याचे तारपावादक भिकल्या लाडक्या धिंडा यांचं नाव २०२६ च्या पद्मश्रीच्या यादीत आलं, तेव्हा त्यांनी नव्वदी गाठली होती. चित्र आपण मोबाइलच्या कव्हरवर लावलं. त्या चित्रातला आवाज मात्र आपल्या प्लेलिस्टमध्ये नाही.

आणि हे फक्त तारप्याचं नाही. धवलेरीची लग्नातली गाणी घ्या. ती बाई लग्न लावते तीच मुळी गाणी म्हणून. तिला पुस्तक लागत नाही, सगळं डोक्यात. पण तिच्याजवळ बसून शिकणारी पोर आता कॉलेजात आहे, नाहीतर वापी-उंबरगावच्या कंपनीत शिफ्टला. दिवाळी झाली की कितीतरी कुटुंबं वीटभट्टीवर जातात, कुणी खलाशी म्हणून गुजरातच्या बंदरांत. गाणं शिकायला माणसं एका जागी असावी लागतात. ती नसली तर निदान आवाज तरी राहायला हवा.

पण रेडिओ म्हणजे म्युझियम नाही

इथे काही जण म्हणतील, ‘मग सरळ लोकगीतांचं रेकॉर्डिंग करा आणि लायब्ररीत ठेवा.’ माझा त्याला पूर्ण पाठिंबा नाही. लायब्ररीत ठेवलेली सीडी कोण ऐकतं? संशोधन करणारे ऐकतील. तुम्ही-मी नाही ऐकणार.

म्हणून तर तीन गाण्यांचा नियम. तारप्याच्या चालीआधी आशाताईंचं एखादं जुनं गाणं लागलेलं असेल, नंतर क्रेटेक्स आणि श्रेयसचं २०२४ मध्ये गाजलेलं ‘तांबडी चामडी’ लागेल. जो फक्त मराठी हाउस म्युझिकसाठी कॅन्टीनमध्ये थांबलाय त्याच्या कानावर न मागता तारपा पडेल. जिला फक्त जुनी भावगीतं आवडतात तिला कळेल की आजची पोरं मराठीत काय काय करतायत. अ‍ॅप तुम्हाला तुमच्याच आवडीच्या खोलीत बसवून ठेवतं. रेडिओवर पुढचं गाणं दुसरं कुणीतरी लावतं, आणि त्यातच मजा आहे. नाही आवडलं तर तीन मिनिटांनी संपतं की!

आणखी एक. ‘आपलं गाणं’ म्हणजे फक्त जुनं, असं अजिबात नाही. यूट्यूबवर ‘तारपा डीजे’ असं टाकून बघा. आपल्याच भागातली पोरं कीबोर्डवर तारप्याची चाल वाजवतात, खाली बीट टाकतात, वारलीत गातात. लग्नाच्या हळदीला हीच गाणी वाजतात आणि सगळे नाचतात. काही जाणकारांना हे आवडत नाही, त्यांना वाटतं की यानं अस्सल गाणं बिघडतं. मला तसं वाटत नाही. नाचणाऱ्याचे पाय ज्या गाण्यावर हलतात ते गाणं जिवंत असतं. माझी तक्रार दुसरी आहे. या गाण्यांमध्ये बऱ्याचदा डीजेचं नाव ठळक असतं, पण मूळ चाल कुणाकडून घेतली, गाणारी मुलगी कोण, हे शोधूनही सापडत नाही. कॉलेजचा रेडिओ नेमकं हेच करू शकतो. नाव सांगायचं, गाव सांगायचं. मूळ चाल वाजवणाऱ्या काकांना आणि तिचा रिमिक्स करणाऱ्या पोराला एका माइकसमोर बसवायचं. भांडण झालं तर होऊ दे, तोच सगळ्यात भारी एपिसोड होईल.

‘रेडिओ कोण ऐकतं गं?’

हा प्रश्न मला प्रत्येकानं विचारला. वर्गातल्यांनी, घरच्यांनी, ऑफिसातल्या सीनियरनीही.

उत्तर असं, की रेडिओ म्हणजे ते बटणवालं खोकं असा हट्ट कशाला? एका माणसानं निवडलेलं गाणं अनेकांनी एकाच वेळी ऐकणं, मध्ये ओळखीचा आवाज येणं, हा रेडिओ. तो एफएमवर असेल, कॅन्टीनच्या स्पीकरवर असेल, फोनवर असेल. छत्तीसगडमध्ये २०१० मध्ये ‘सीजीनेट स्वर’ नावाचा प्रयोग सुरू झाला. साध्या मोबाइलवरून फोन करायचा, आपलं म्हणणं किंवा गाणं गोंडीत, हिंदीत रेकॉर्ड करायचं आणि दुसऱ्यांनी फोन करून ते ऐकायचं. ना टॉवर, ना स्टुडिओ.

आपल्या भागाला तर ही कल्पना नवी वाटायलाच नको. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ मध्ये बोर्डीला काम सुरू केलं आणि पुढे ते कोसबाडच्या टेकडीवर नेलं. मुलं शाळेत येत नाहीत म्हणून त्यांनी पोरांना नावं ठेवली नाहीत. अंगणात बालवाडी भरवली, गुरं चारणाऱ्या मुलांसाठी कुरणावर शाळा नेली. आज देशभर जो ‘अंगणवाडी’ शब्द वापरतात त्याची मुळं आपल्याच तालुक्यात आहेत. मग लोक रेडिओकडे येत नसतील तर रेडिओ लोकांच्या अंगणात न्यायला आपल्याला काय अडचण आहे? खलाशी म्हणून गेलेला भाऊ एफएमच्या वर्तुळात येणार नाही, पण बहिणीनं रेकॉर्ड केलेला तासाभराचा कार्यक्रम त्याच्या फोनवर नक्की पोचेल.

आणि गाण्यांच्या पलीकडचंही एक कारण आहे. नोव्हेंबर २०१८ पासून आपल्याकडे भूकंपाचे धक्के सुरू झाले. धुंदलवाडी आणि आजूबाजूच्या गावांतले लोक थंडीत घराबाहेर झोपले. त्या दिवसांत मोबाइलवर काय काय फिरत होतं आठवतंय? ‘आज रात्री मोठा येणार’ असे मेसेज, कुणी पाठवले ते माहीत नाही. सामुदायिक रेडिओला स्वतःच्या बातम्या देता येत नाहीत, हे खरंय. पण प्रशासनानं दिलेली सूचना आपल्या बोलीत, आपल्या ओळखीच्या आवाजात सांगता आली असती. आता ओळखीचा आवाज संकटाच्या दिवशी अचानक तयार होत नाही. रोज दुपारी गाणी लावणाऱ्या मुलीचा आवाज लोकांच्या कानात बसलेला असेल तर तिनं ‘घाबरू नका, आधी हे करा’ म्हटल्यावर लोक ऐकतील. गाणी लावणं हा टाइमपास नाही म्हणते ते यासाठी.

परवान्याची वाट बघत बसू नका

एफएमचा परवाना कॉलेजच्या संस्थेला मागता येतो, कृषी विज्ञान केंद्राला मागता येतो (कोसबाडला आहेच), किमान तीन वर्षं काम केलेल्या स्वयंसेवी संस्थेलाही. जाहिरातींचं उत्पन्नही थोडंफार मिळू शकतं. २०२४ च्या नव्या नियमांनुसार तासाला १२ मिनिटांपर्यंत जाहिराती घेता येतात, आधी ही मर्यादा ७ मिनिटांची होती. पण परवान्याला वेळ लागतो, मंजुऱ्या बऱ्याच. तोवर आपली तीन वर्षांची डिग्री संपेल! म्हणून सुरुवात परवान्याशिवाय जिथे करता येते तिथून करू.

पहिली पायरी कॅम्पसचा स्पीकर. जेवणाच्या सुट्टीत, कॅन्टीनमध्ये, प्राचार्यांच्या परवानगीनं. ‘गाण्यांच्या कॉपीराइटचं काय?’ हा प्रश्न योग्य आहे. कॉपीराइट कायद्याच्या कलम ५२ मध्ये शिक्षणसंस्थांना सवलत आहे. संस्थेच्या उपक्रमाचा भाग म्हणून, ऐकणारे फक्त विद्यार्थी, शिक्षक-कर्मचारी आणि पालक असतील तर ध्वनिमुद्रित गाणी वाजवता येतात. म्हणजे कॅम्पसच्या आत तिन्ही प्रकारची गाणी लावा.

दुसरी पायरी इंटरनेट. तिथे ट्रान्समीटरचा परवाना लागत नाही, पण गाण्यांचे हक्क लागतात. ‘जुनं आहे म्हणजे फुकट आहे’ ही आपल्याकडची लाडकी समजूत. ती चुकीची आहे. ध्वनिमुद्रणावरचा हक्क प्रकाशनानंतर ६० वर्षं असतो, पण शब्द आणि चालीचा हक्क त्या कवी-संगीतकारांच्या निधनानंतरही ६० वर्षं चालतो. माडगूळकर १९७७ मध्ये गेले, म्हणजे त्यांच्या शब्दांवरचा हक्क २०३७ च्या शेवटपर्यंत आहे. म्हणून इंटरनेटवर सुरुवातीला आपलं स्वतःचं रेकॉर्डिंग लावा. बोईसर-वापीकडे घरातल्या घरात रॅप करणारी पोरं आहेत. त्यांचं गाणं त्यांच्याच मालकीचं असतं, एक लेखी परवानगी घेतली की झालं. त्यांनाही कुणीतरी वाजवायलाच हवं असतं.

तिसरी गोष्ट पायरी नाही, अट आहे. आजीचं, धवलेरीचं, तारपावाल्या काकांचं गाणं रेकॉर्ड करायच्या आधी विचारायचं. लोकगीतावर कुणा एकाचा हक्क नसेल, पण गाणाऱ्याच्या सादरीकरणावर त्याचा हक्क ५० वर्षं असतो, हेही कायद्यातच आहे. कुठे लावणार, कुणाला ऐकवणार ते सांगायचं. एखादं गाणं देवाचं आहे, विधीतच म्हणायचं आहे, असं त्या म्हणाल्या तर मोबाइल खिशात ठेवायचा आणि नुसतं ऐकायचं.

सामान? एक लॅपटॉप, एक साधा माइक, ‘ऑडॅसिटी’ हे मोफत सॉफ्टवेअर. स्टुडिओ नसेल तर खोलीत गोधड्या टांगा, आवाज घुमत नाही. आम्ही डिग्रीच्या प्रॅक्टिकलला हॉस्टेलच्या खोलीत हेच केलं होतं आणि ते रेकॉर्डिंग छान आलं होतं. फक्त पंखा बंद ठेवा आणि मे महिना टाळा!

एक तास असा असू शकेल

० ते ५ मिनिटं : नमस्कार, आज कोण बोलतंय, कुठल्या गावचं. बसच्या वेळा, परीक्षेचे फॉर्म, हवामान.

५ ते २० : जुनं आवडतं. एका विद्यार्थ्यानं घरातल्या मोठ्या माणसाला विचारून आणलेली दोन गाणी, ती का आवडतात हे त्यांच्याच आवाजात.

२० ते ३५ : या शुक्रवारी काय आलं? मराठी, हिंदी, गुजराती, काहीही. आवडलं नसेल तर तसंही सांगायचं.

३५ ते ५० : आपल्या गावातलं. गाणाऱ्याचं, वाजवणाऱ्याचं पूर्ण नाव आणि पाड्याचं नाव सांगितल्याशिवाय गाणं सुरू करायचं नाही.

५० ते ६० : फर्माइश. पोस्टकार्ड नाही तर चिठ्ठीची पेटी कॅन्टीनच्या काउंटरवर ठेवा.

आठवड्यातून असा एक तास. त्यासाठी सहा जणांची टीम पुरते. एक बोलणारी, एक रेकॉर्डिंगवाला, दोघं गाणी शोधणारे, एक घरोघरी जाऊन आवाज आणणारी आणि एक असा, जो प्राचार्यांच्या केबिनबाहेर न कंटाळता थांबू शकतो. शेवटच्याची निवड सगळ्यात काळजीपूर्वक करा.

प्राध्यापकांनाही एक विनंती. विद्यार्थ्यांना ‘उपक्रम करा’ म्हणता, तर हा उपक्रम मार्कांत धरा. एनएसएसचे तास यात मोजता आले तर मोजा. वर्षाच्या शेवटी ग्रंथालयाकडे नाव-गावासकट शंभरेक गाण्यांचा संग्रह जमा झालेला असेल. इतक्या गावांतला, इतक्या बोलींतला संग्रह विकत घ्यायचा म्हटला तर कुठल्या दुकानात मिळणार आहे?

आणि तुम्हाला, म्हणजे हे पान बसमध्ये किंवा लेक्चरमध्ये मागच्या बाकावर वाचणाऱ्यांना. परीक्षेचं टाइमटेबल अजून लागलेलं नाही, त्यामुळे कारण चालणार नाही. या रविवारी घरातल्या सगळ्यात वयस्कर माणसाशेजारी बसा आणि विचारा, ‘तुझ्या लग्नात कुठलं गाणं म्हटलं होतं?’ त्यांची हरकत नसेल तर रेकॉर्डिंग सुरू करा. सोमवारी ते कॉलेजात आणा, आणि शेजारी तुम्हाला या आठवड्यात आवडलेलं नवंकोरं गाणं ठेवा. पहिल्या तासाची दोन गाणी तयार झाली. तिसरं जुनं गाणं कुठलं लावायचं, यावर वर्गात भांडा.